परड्यातला शेपू

"बाळंतपण म्हणजे नळदुरुस्ती नव्हे, व्याहीबुवा," विहीणबाई फोनवर म्हणाल्या.

मी तेव्हा खरोखरच नळ दुरुस्त करत होतो. मोरीतल्या नळाचा वायसर गेला होता. एका हातात पाना, दुसऱ्या हातात फोन. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात फिटर म्हणून मी रिटायर झालो, पण इस्लामपुरातल्या आमच्या कॉलनीत कुणाचा नळ गळला की अजूनही हाक मलाच येते. त्या दिवशी घरचाच गळत होता.

"मी कुठं म्हटलं नळदुरुस्ती आहे म्हणून?" मी म्हणालो. "ऊर्मीचं पहिलं बाळंतपण आहे. पहिलं माहेरीच होतं. तशी रीतच आहे."

"माहेरात आई असते, म्हणून रीत आहे."

मी पाना खाली ठेवला. विहीणबाईंना आपण जास्त बोललो असं वाटलं असावं. त्यांनी आवाज जरा खाली घेतला.

ऊर्मी माझी एकुलती एक मुलगी. तिचं लग्न झालं, ती जयसिंगपूरला गेली, आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता माझी बायको कलावती गेली. तापाचं निमित्त झालं. त्यानंतर घरात मी एकटाच. आता ऊर्मीला दिवस गेले होते आणि ती बाळंतपणाला माझ्याकडं येणार की नाही, यावर महिनाभर आमची फोनाफोनी चालली होती. ऊर्मीला विचारलं की ती म्हणायची, "आप्पा, तुम्ही आणि मम्मी ठरवा." मम्मी म्हणजे तिची सासू, सरलाबाई. मला मात्र पोरीच्या आवाजावरून कळत होतं की तिला यायचंय. आणि खरं सांगायचं तर ती आली नसती तर मी त्या घरात काय करत बसलो असतो, हे माझं मला ठाऊक नव्हतं.

"बाळंतिणीला तेल लावून अंघोळ कोण घालणार?" विहीणबाईंनी पुढचा प्रश्न टाकला.

"अंघोळ घालणारी बाई बघून ठेवलीय." बघितली नव्हती.

"डिंकाचे लाडू?"

"विकत मिळतात."

"विकत!" त्या अशा काही ओरडल्या की मी फोन कानापासून लांब धरला. "बरं, ते राहू द्या. शेपूचं काय? बाळंतिणीला शेपू लागतो. दूध चांगलं येतं, पोटात वात धरत नाही. तुमच्या घरात शेपू शिजणार आहे का? तुम्ही आमच्या घरात शेपू दिसला तेव्हा काय केलं होतंत, विसरलात?"

विसरलो नव्हतो. लग्न ठरवायची बैठक त्यांच्या घरी झाली होती. जेवणाचं ताट आलं आणि त्यात शेपूची भाजी. मला शेपूचा वास लहानपणापासून सहन होत नाही. मी "जरा गाडी बघून येतो" म्हणून उठलो, तो सगळ्यांची जेवणं होईपर्यंत बाहेर टेम्पोपाशीच उभा राहिलो. टेम्पो भाड्याचा होता. ड्रायव्हर आत घरात बसून शेपू खात होता.

"शेपूचं काय घेऊन बसलात?" मी म्हणालो. "शेपू मी परड्यात लावलाय."



"तुम्ही?"

"हो. घरचा. ऊर्मीसाठीच लावलाय."

"मग बघितलाच पाहिजे," विहीणबाई म्हणाल्या. "सातव्या महिन्यात ओटी भरायला आम्ही येणारच आहोत. तुमच्या हातची शेपूची भाजी खाऊ. मग बाळंतपणाचं काय ते ठरवू."

फोन बंद झाला. मी मागचं दार उघडून परड्यात बघितलं. परड्यात एक कढीपत्त्याचं झाड होतं आणि एक मोडका बंब होता.

*

खोटं बोलून झालं होतं, आता ते उगवून दाखवायचं होतं. मी त्याच संध्याकाळी कुदळ काढली. शेती मला येत नाही, पण पाणी कसं वाहतं ते मला येतं. पारदर्शक नळीत पाणी भरून वाफ्याची पातळी काढली. चारी कोपरे एका लेव्हलला आणले. तसला वाफा आख्ख्या इस्लामपुरात नसेल. बी कुठून आणायचं हा प्रश्न पडला नाही, कारण स्वयंपाकघराच्या कपाटात कलावतीची शेपाची बरणी होती. बाळंतशेपा. जेवण झालं की ती चिमूटभर तोंडात टाकायची. मी ते बी वाफ्यात सरळ ओळी पाडून पेरलं, वर माती लोटली आणि झारीनं पाणी दिलं.

काही उगवलं नाही.

मी पाणी वाढवलं. मग पाणी कमी केलं. मग ऊन कमी पडतंय म्हणून कढीपत्त्याची एक फांदी तोडली. एके दिवशी शेजारच्या छबूवहिनी भिंतीवरून डोकावल्या. छबूवहिनी म्हणजे कलावतीची जिवाभावाची मैत्रीण. दोघींचं निम्मं आयुष्य त्या भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून गेलं.

"भावजी, रोज मोकळ्या मातीला पाणी घालताय, न्हाऊ घालताय काय तिला?"

"शेपू पेरलाय."

"शेपू?" त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग वाफ्याकडं. "तुम्ही? अवो, शेपूची जुडी घेऊन मी तुमच्या दारावरनं गेले तरी तुम्ही खिडकी लावायचा!"

मी त्यांना सगळं सांगितलं. विहीणबाई, फोन, माझी थाप. त्यांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं आणि मग विचारलं, "बी कुटलं वापरलं?"

"घरचंच. कलावतीच्या बरणीतलं."

"बगू आणा."

मी बरणी आणली. त्यांनी चिमूटभर बी हातावर घेतलं, तोंडात टाकलं आणि दाताखाली चावलं. कुर्रकन आवाज आला.

"भावजी, ह्ये भाजल्यालं हाय."

"भाजलेलं?"

"मीठ लावून भाजल्यालं. ओवा बी हाय त्यात. कलाताईनं न् मी संगं बसून भाजलं हुतं आमच्या चुलीवर. ह्ये खायाचं असतंय वो, पेरायचं न्हवं. उद्या शेंगदाण्याचे लाडू पेराल आन् भुईमूग कदी येतोय म्हणून बसाल!"

"मला काय माहीत? मी कधी खाल्लंय?"

"तेबी खरंच."

कलावतीनं भाजून ठेवलेल्यातलं अर्धंअधिक मातीत गेलं होतं. उरलेलं मी झाकण घट्ट लावून कपाटात ठेवून दिलं आणि बाजारातल्या बियाण्याच्या दुकानात गेलो.

या वेळी उगवलं. आधी हिरवा केस दिसावा तसं, आणि मग बघता बघता सगळा वाफा भरला. बी पुडीभर होतं आणि मी ते सगळंच टाकलं होतं. दाट झालं. छबूवहिनी म्हणाल्या, मधली मधली रोपं उपटा, नाहीतर काड्या होतील. मी बसलो उपटायला, पण इतक्या खटपटीनं उगवलेलं उपटायला हात होईना. शेवटी त्यांनीच भिंत ओलांडून येऊन उपटली आणि घरी जाऊन भाजी केली. मला वाटी पाठवली नाही. शहाणी बाई.

रोपं बोटभर झाली तेव्हापासून वास सुरू झाला. मी वाऱ्याची दिशा बघून पाणी घालायला लागलो. वारा पूर्वेकडून असला की मी पूर्वेला. गडी आपल्याच परड्यात चोरासारखा वाफ्याला वळसा घालतोय हे बघून रस्त्यावरची माणसं थांबायची.

कलावतीला शेपू फार आवडायचा. ती करायचीही, पण मी ड्यूटीवर असताना. मी यायच्या आत खिडक्या उघड्या, भांडी घासलेली, आणि देवापुढं उदबत्ती. भरदिवसा उदबत्ती दिसली की मी विचारायचो, "आज शेपू होता काय?"

"आज गुरुवार आहे," ती म्हणायची.

गुरुवार नसायचा.

एकदा सकाळी पाणी घालताना माझा हात शेपूला घासला आणि वास उठला. मी मागं वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघितलं. खिडकी बंद होती. बंदच असणार. तरी बघत राहिलो. पाइप हातात तसाच चालू राहिला आणि वाफ्याचा एक कोपरा वाहून गेला.

"भावजी," भिंतीवरून आवाज आला, "आता भात लावताय काय?"

*

ओटीभरणाचा दिवस ठरला रविवारचा. पाहुणे दुपारी जेवायला येणार होते. ओटी छबूवहिनी भरणार होत्या. भाकरी, पोळ्या, खीर, कोशिंबीर हे सगळं त्यांनी त्यांच्या घरी करायला घेतलं. "शेपूबी मीच करते की," त्या म्हणाल्या, "कोण बगायला येतंय कुणी केला त्ये?" पण मी नको म्हणालो. एक थाप मारून एवढे दिवस वाफ्यात बसलो होतो, दुसरी परवडणार नव्हती.

त्यांनी मला कृती सांगितली. मूगडाळ भिजवायची, शेपू धुऊन बारीक चिरायचा, तेलात लसूण, हिरवी मिरची, मग डाळ, मग शेपू, आणि झाकण. "आच बारीक ठेवा," हे त्यांनी निघताना दारातून आणि घरी गेल्यावर भिंतीवरून असं दोनदा सांगितलं.

मी शेपू चिरायला घेतला आणि तिसऱ्या काडीला बाहेर पळालो. आत आलो, पुन्हा पळालो. असं चाललं असतं तर संध्याकाळच झाली असती. मग मी दोन्ही नाकपुड्यांत व्हिक्स लावून कापूस कोंबला. वरून तोंडाला टॉवेल बांधला. मग मात्र काही म्हणता काही कळेना. शेपू चिरतोय का गवत, फरक नाही. मी स्वतःवर खूश झालो.

कलावतीची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची कढई होती, काळी, बुडाला घासून घासून पातळ झालेली. तीच घेतली. फोडणी जमली. डाळ टाकली, शेपू टाकला, झाकण ठेवलं, गॅस बारीक केला. अर्धा तास हातात होता.

आणि फाटक वाजलं. विहीणबाई लवकर आल्या होत्या.

भाजी तर अजून कच्ची. मी गॅस मोठा केला आणि टॉवेल सोडत बाहेर गेलो.

गाडीतून आधी विहीणबाई उतरल्या. जयसिंगपुरात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, चांगलं चालतं. गल्ल्यावर यजमान बसतात आणि दुकान त्या चालवतात. कुठल्याही घरात गेल्या की त्या आधी भांडी बघतात. त्यांच्या मागून आमचे जावई धैर्यशीलराव उतरले. धैर्यशील फक्त नावात. आई बोलत असली की ते गाडीच्या किल्लीकडं बघतात. आणि मग ऊर्मी उतरली. मला वाटलं होतं भरलेली दिसेल. तर गालफडं बसलेली, आणि पोट तेवढं पुढं.

"हे काय गं?" मी म्हणालो.

"आप्पा, तुमचा आवाज असा का येतोय?"

"सर्दी झालीय."

"ती काही खात नाही," विहीणबाई चपला काढता काढता म्हणाल्या. "बासुंदी केली, पुरणपोळी केली, धिरडी, आंबोळ्या. घास घेते आणि ताट सरकवते. रोज विचारते, 'काय खावंसं वाटतंय?' म्हणते, 'काही नाही.' सातवा महिना लागला तरी हिचे डोहाळे कशाचे आहेत ते मला कळलेलं नाही. लोक म्हणत असतील सासू उपाशी ठेवते."

"कोण म्हणतंय, मम्मी," जावई म्हणाले.

"तू गप. शेपू कुठाय, व्याहीबुवा?"

मी त्यांना परड्यात नेलं. खरं सांगतो, वाफा त्या दिवशी बघण्यासारखा होता. हिरवागार आणि वरून कापल्यासारखा एका उंचीचा. विहीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी एक काडी खुडली आणि बोटांत चुरडून वास घेतला.

"आहे की शेपू," त्या म्हणाल्या. त्यांना जरा वाईटच वाटलेलं दिसलं. "वाफा कुणी केला?"

"मीच. पातळी बघा. पाणी कुठंही टाका, सगळीकडं सारखं जातं." मी झारी आणून पाणी टाकून दाखवलं. पाणी सगळीकडं सारखं गेलं. मग मी त्यांना मोटारीपासून काढलेली लाइन दाखवली, मग पाणी सोडायचा कॉक दाखवला. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी माझं काम बघत होतं.

"आप्पा," जावई मान वर करून हवेत बघत म्हणाले, "काहीतरी... म्हणजे जरा..."

"मधे बोलू नको," विहीणबाई म्हणाल्या. पण त्याही हवेत बघायला लागल्या.

"भाजी होतेय," मी अभिमानानं म्हणालो. "वास आला ना?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून छबूवहिनींचा आवाज आला.

"भावजी! घर पेटलंय काय वो?"

मी धावलो. स्वयंपाकघरात निळा धूर. गॅस बंद केला आणि झाकण उचललं. डाळ बुडाला चिकटून काळपट, त्यावर तपकिरी, आणि वर थोडासा हिरवा शेपू. मी कापूस कोंबलेल्या नाकानं त्या कढईकडं बघत राहिलो. हवेत चटका होता तेवढा डोळ्यांना कळत होता.

सगळे माझ्या मागं येऊन उभे राहिले. विहीणबाईंनी खिडकी उघडली. मग पुढं होऊन त्यांनी मूठ वळली आणि कढईच्या काठावर टकटक केलं, दुकानात करतात तसं.

"बुड पातळ आहे," त्या म्हणाल्या. "यात लागणारच."

मला वाटलं, आता त्या बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पण बोललो असतो. पण त्यांनी माझ्या हातातलं झाकण काढून घेतलं आणि ओट्यावर ठेवलं.

"व्याहीबुवा, तुम्ही मनापासून केलंत. मला दिसतंय ते. पण गॅसवर भाजी ठेवून तुम्ही आम्हाला कॉक दाखवत होता. उद्या घरात बाळंतीण असेल, तान्हं बाळ असेल. तुम्हीच सांगा."

बरोबर बोलत होत्या. मी टॉवेलनं हात पुसायला लागलो. हात कोरडेच होते. ऊर्मी आता काही येत नाही, एवढं मला कळलं. छबूवहिनी खिरीचं पातेलं घेऊन मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. जावई किल्लीकडं बघत होते.

खरडल्याचा आवाज आला.

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. ऊर्मीनं कढई ओट्यावरून खाली घेतली होती. पाटावर बसून, पुढ्यात कढई घेऊन ती उलथन्यानं बूड खरडत होती. खरवडीचा एक तुकडा निघाला. तो तिनं फुंकून तोंडात टाकला. मग दुसरा.

"अगं ए," मी म्हणालो, "करपलंय ते. टाक."

"करपलेलं नाही, आप्पा. लागलंय." तिनं छबूवहिनींकडं बघितलं. "मावशी, भाकरी झालीय?"

छबूवहिनींनी पातेलं तिथंच खाली ठेवलं आणि पळत जाऊन भाकरी आणली. ऊर्मी खायला लागली. मान वर करेना. पोटच्या पोरीला मी असं खाताना कधी बघितलं नव्हतं. कोरभर झाली, अर्धी झाली, भाकरी संपली.

"अजून आहे?" तिनं विचारलं.

विहीणबाई हळूहळू स्टुलावर बसल्या.

"मी साजूक तुपातली पुरणपोळी करून दिली," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. "साजूक तुपातली."

"मम्मी, रागावू नका," ऊर्मी म्हणाली. तिच्या हनुवटीला डाळ लागली होती. "मला खरंच कळत नव्हतं काय पाहिजे ते. आता वास आला तेव्हा कळलं. आईची अशीच व्हायची."

"तिची?" मी म्हणालो. "तिचं कधी काही करपलं नाही. सुगरण होती ती."

"शेपूच तेवढा लागायचा."

"शेपूच का?"

ऊर्मीनं माझ्याकडं बघितलं आणि ती हसायला लागली. "तुमच्यामुळं! तुमची ड्यूटी सुटायची वेळ झाली की तिची घाई. तुम्ही यायच्या आत शिजवून, खाऊन, भांडं घासून मोकळं व्हायचं. मला फाटकात उभी करायची. कोपऱ्यावर तुमची सायकल दिसली की मी ओरडायचे, 'आई, आले!' की ती गॅस आणखी मोठा करायची. मग ते लागायचंच. मग आम्ही दोघी इथंच ओट्यापाशी उभ्यानं खायचो. पटापट. ती हसायची, मला ठसका लागायचा. खरवड मला मिळायची."

"व्हय की," छबूवहिनी म्हणाल्या. "धूर समदा आमच्या घरात. मी म्हणायची, 'कलाताई, जरा दम धरून शिजवावं.' तर म्हणायची, 'दम धरला तर ह्ये दारात.'"

ऊर्मी हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता कढईतलं खरडत राहिली. दोन्ही एकदम.

मी मोरीत गेलो आणि नाकातला कापूस काढून टाकला. वास आला. शेपूचा, आणि त्यावर लागलेल्या डाळीचा. नळ उगाच चालू केला, उगाच बंद केला.

परत आलो तेव्हा विहीणबाई म्हणत होत्या, "अगं पण मला सांगायचं! मी केली असती शेपूची भाजी."

"तुमची लागली नसती, मम्मी."

"लागणार कशी? आपल्या दुकानातल्या कढईत लागेल? जाड बुडाची आहे ती. आजपर्यंत एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही की..." आणि मधेच त्या थांबल्या. पाटावर बसलेल्या ऊर्मीच्या पसरलेल्या पायांकडं, रिकाम्या कढईकडं आणि मग माझ्याकडं त्यांनी बघितलं.

"बाळंतपण इथं होईल," त्या म्हणाल्या.

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"आणि मी पण इथं येणार. पोरीला तुमच्या भरवशावर सोडायला मी काही खुळी नाही."

"मम्मी," जावई म्हणाले, आणि त्यांच्या मानानं ते फार धाडसाचं होतं, "विहीण व्याह्याच्या घरी राहणार? लोक काय म्हणतील?"

"लोक बाळाची दुपटी धुवायला येणार आहेत का? झोपायला मी छबूताईंकडं जाईन. चालेल ना हो?"

"न चालायला काय झालं?" छबूवहिनी म्हणाल्या. "या की. भिंतीपल्याड बोलायला कुणी न्हाई मला आता."

*

मुलगी झाली. आता ती शाळेत जाते आणि शेपू समोर आला की नाक दाबून धरते. ते कुणावर गेलं, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही.

बाळंतपणाला विहीणबाई येऊन सव्वा महिना राहिल्या. त्यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. जयसिंगपूरहून येताना डब्यांबरोबर स्वतःची जाड बुडाची कढई आणली आणि कलावतीची कढई उचलून माळ्यावर टाकली. अंघोळ घालणारी बाई त्यांनीच शोधली, लाडू त्यांनीच वळले, आणि मला बाजार आणि वाफा एवढंच काम दिलं. दुसरा वाफा मी बाळंतपणाच्या अंदाजानं आधीच पेरून ठेवला होता. या वेळी नीट विरळ.

पहिल्या दिवशी त्यांनी शेपूची भाजी केली. मी बघितली. हिरवी, मोकळी, डाळ न् डाळ वेगळी. ऊर्मीनं चार घास खाल्ले आणि म्हणाली, "छान झालीय, मम्मी." ताट परत आलं तर भाजी तशीच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी विहीणबाईंनी गॅस मोठा करून बघितला. पण ती कढई कसली ऐकतेय. तिला लागणं ठाऊकच नव्हतं.

दुपारी मी परड्यात होतो, तर स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"व्याहीबुवा," विहीणबाई म्हणाल्या, "इकडं या. आणि ते माळ्यावरचं भांडं काढा."

मी कढई काढून धुतली. त्यांनी फोडणी केली, डाळ घातली, शेपू घातला आणि उलथनं माझ्या हातात देऊन त्या बाजूला झाल्या.

"आता तुम्ही."

"आच केवढी करू?"

"मला काय विचारता? माझी कधी लागलीय?"

मी कापूस शोधायला वळलो.

"कापूस नाही," त्या म्हणाल्या. "कापूस घालून तुम्ही घर जाळाल. बाळंतिणीला जरासं लागलेलं चालेल, काळं झालेलं नाही. वास घेऊनच बंद करावं लागेल."

म्हणून मी गॅस मोठा केला आणि कढईवर वाकून उभा राहिलो. आधी शेपूचा वास आला. मी ओटा धरला. मग लसणाचा. मग बराच वेळ काही नाही, नुसती वाफ.

"झालं का?" विहीणबाईंनी विचारलं.

"मला काय कळतंय?"

"आप्पा, अजून नाही!" आतल्या खोलीतून ऊर्मी ओरडली. तिला तिथून वास येत होता. "थांबा... थांबा... आता! आता बंद करा!"

मी बंद केला. विहीणबाईंनी झाकण काढून आत बघितलं, नाक मुरडलं, आणि ऊर्मीचं ताट वाढून आत नेऊन दिलं. परत आल्या तेव्हा मी अजून तिथंच उभा होतो. त्यांनी बुडाचा एक तुकडा खरडला, भाकरीच्या कोरेवर ठेवला आणि माझ्यासमोर धरला. मी घेतला. तिथंच उभ्यानं तोंडात टाकला.

"कशी झालीय, आप्पा?" ऊर्मीनं आतून विचारलं.

"वाईट," मी म्हणालो, आणि भाकरी घेऊन आत तिच्याजवळ जाऊन बसलो.